क्लॉइन : दगडी मनोरा आणि खेळाचे मैदान

प्रस्तावना

‘वारसा’ हा शब्द उच्चारताच किल्ले, लेणी, मंदिरे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु एखादा खेळही गावाचा वारसा असू शकतो का? आयर्लंडमधील एका लहानशा गावाच्या परिचयातून आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू या.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• वास्तुरूप वारसा आणि जिवंत वारसा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• गावाच्या एकोप्यातील खेळाचे स्थान सांगू शकाल.

मूळ पाठ

आयर्लंडच्या दक्षिण भागात कॉर्क नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्वेस क्लॉइन हे गाव वसले आहे. ‘गुहेचे कुरण’ असा त्याच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ. सहाव्या शतकात संत कोलमन यांनी येथे मठ स्थापन केला. संन्यस्त होण्यापूर्वी ते कवी होते. मठ काळाच्या ओघात नाहीसा झाला. मात्र सुमारे ३० मीटर उंचीचा गोल दगडी मनोरा आजही उभा आहे. १७४९ साली विजेच्या आघाताने त्याच्या माथ्याची हानी झाली, तरी तो ढळला नाही. मनोऱ्याजवळच जुने कॅथीड्रल आहे. प्रसिद्ध तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कले १७३४ ते १७५३ या काळात येथील बिशप होते. जाणिवेवाचून वस्तूला अस्तित्व नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या गावाचा दुसरा वारसा मात्र दगडात कोरलेला नाही. तो हर्लिंग या खेळात आहे. ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद असलेली काठी आणि लहान चेंडू एवढीच याची साधने. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने या खेळाला शिस्त व संघटना दिली. येथे खेळाडूला वेतन मिळत नाही. तो बहुधा आपल्या गावासाठी आणि आपल्या परगण्यासाठीच खेळतो.

ख्रिस्टी रिंग यांचा जन्म १९२० साली क्लॉइन येथेच झाला. पुढे ते कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्स संघातून खेळले. कॉर्क परगण्याच्या संघातून त्यांनी ८ वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले. एवढी कीर्ती लाभूनही ते तेलाचा टँकर चालवून आपला उदरनिर्वाह करीत. १९७९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा क्लॉइनच्या स्मशानभूमीत देशाचे तत्कालीन पंतप्रधान आणि त्यांचे जुने सहखेळाडू जॅक लिंच यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. आज गावात रिंग यांचा पुतळा उभा आहे.

परंतु वारसा केवळ विजयावर टिकत नाही. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे क्लॉइनचा संघ परगण्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा पराभूत झाला. त्याच काळात, २००४ व २००५ साली, कॉर्कच्या संघाने अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकले. त्या संघातील गोलरक्षक डोनल ओग क्यूसॅक आणि बचावपटू डायरमिड ओ’सलिव्हन हे दोघेही क्लॉइनचेच! देशाचा चषक ज्यांच्या हाती आला, त्यांना आपल्या गावासाठी परगण्याचा चषक मात्र आणता आला नाही. तरीही गावाने मैदानाकडे पाठ फिरवली नाही.

२०१८ साली युनेस्कोने हर्लिंगचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. दुसरीकडे, २०१२ साली आयर्लंडमध्ये आढळलेल्या एका बुरशीजन्य रोगाने ॲश वृक्षच संकटात आणला आहे. त्यामुळे बांबूच्या आणि कृत्रिम पदार्थांच्या काठ्याही वापरात आल्या आहेत. साधन बदलेल, खेळ टिकेल की नाही, हे मात्र खेळणाऱ्यांवर अवलंबून आहे. मनोरा कोणी पाहो वा न पाहो, शतकानुशतके उभा राहील. पण मैदानावर मुले उतरली नाहीत, तर खेळाचा वारसा एका पिढीत संपेल. बर्कले यांचा विचार निदान या वारशाला तरी लागू पडतो.

शब्दार्थ

परगणा – जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग
अमूर्त – ज्याला दृश्य आकार नाही असा
प्रतिपादन – विचाराची मांडणी

स्वाध्याय

१. क्लॉइनचे दोन वारसे कोणते? त्यांतील फरक सांगा.
२. ‘वारसा केवळ विजयावर टिकत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील विस्मरणात जाणाऱ्या एखाद्या खेळाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.