आटत्या तळ्यातली लागवड

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात वापरली आहे. पण साचलेलं तळं पुढे आटतं कसं, यावर निबंध लिहायला कुणी सांगत नाही. मराठवाड्यात तळं भरतं चार महिने आणि आटतं आठ महिने. अशा तळ्यात पाणवनस्पती लावायच्या आणि टिकवायच्या कशा, हा या लेखाचा विषय. विषय बॉटनीचा वाटेल, पण मित्रांनो, यात सिव्हिलचा वाटा अर्ध्याहून जास्त आहे!

पाण्याचा हिशोब

उदाहरणासाठी बीड तालुक्यातलं चौसाळा घेऊ. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हायवेवरचं हे गाव. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. उलट, उघड्या तळ्यावरून वर्षभरात दीड ते दोन मीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. म्हणजे वरून जेवढं पडतं, त्याच्या दुपटीहून जास्त वर जातं. त्यात आपल्या भागातले अनेक जुने तलाव हे पाझर तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात अशी कामं ठिकठिकाणी निघाली होती. पाणी जमिनीत मुरवणं हेच त्यांचं काम, त्यामुळे तलाव रिकामा होणं हा त्यांचा दोष नाही. विहिरींना त्यातूनच पाणी मिळतं. प्रश्न फक्त एवढाच की, या चढउतारात झाड कसं तगणार?

झाड पाण्यात बुडून मरतं

हे वाचून हसू येईल, पण खरं आहे. तळ्याच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. कमळाचा देठ आडवा कापला तर आत भोकं दिसतात. त्या हवेच्या नळ्या आहेत. पाण्यावर आलेलं पान हवा घेतं आणि या नळ्यांतून ती मुळांपर्यंत पोचते. पाणकणसाचंही तसंच. आता जूनमध्ये आपण हौसेने कोवळी रोपं लावली आणि एका रात्रीच्या पावसात पाणी मीटरभर चढलं, तर शेंडे बुडतात आणि मुळं गुदमरतात. पाणी गढूळ, म्हणून खाली उजेडही पोचत नाही. वृक्षारोपण पावसाळ्यातच करायचं ही आपली सवय इथे अंगाशी येते.

उन्हाळ्यात उलटा त्रास. काळी माती सुकली की आकसते, हातभर खोल भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात.

मग निसर्गात ही झाडं जगतात कशी? ती मरण्याआधी शिल्लक टाकून जातात. कुमुदाचे कंद, लव्हाळ्याच्या गाठी आणि बाकीच्यांचं बी गाळात झोपून राहतं. चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या गाळातलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखवलं आहे. थोडक्यात, तळ्यातला गाळ ही बियाण्यांची बँक आहे.

गोंदियाचा अनुभव

महाराष्ट्रात हे काम झालेलं आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव भागात जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथल्या ढिवर समाजाचं पोट देशी माशांवर. तलावात बेशरम माजली, मूळच्या वनस्पती गेल्या आणि मासेही कमी झाले. मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर मंडळींनी, विशेषतः महिला गटांनी, बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांकडे होतंच. वनस्पती परत आल्या तसे देशी मासेही परत आले.

पण तिथला पाऊस आपल्या जवळपास दुप्पट. त्यांचं वेळापत्रक चौसाळ्यात जसंच्या तसं चालणार नाही.

आपला उपाय: गाळपेर

उत्तर आपल्या शेतकऱ्यांकडेच आहे. जायकवाडीचं पाणी ओसरतं तसतसे काठचे शेतकरी उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पेरणी करतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाणवनस्पतींचंही तसंच करायचं. चढत्या पाण्यात लावायचं नाही, उतरत्या पाण्याच्या मागोमाग लावत जायचं.

गणित सोपं आहे. समजा तळ्याच्या काठाचा उतार १:२० आहे आणि ऑक्टोबरनंतर पाणी रोज १ सेंटिमीटर उतरतं. म्हणजे पाण्याची कड रोज २० सेंटिमीटर मागे सरकते, आठवड्याला १.४ मीटर. दर रविवारी कडेला एक ओळ लावली की दोन ओळींमधलं अंतर आपोआप १.४ मीटर! प्रत्येक ओळीला तिची ओल मिळते, माती सुकण्याआधी गाठी-कंद तयार व्हायला वेळ मिळतो. पुढच्या पावसात फुटवा कंदाच्या ताकदीवर येतो, म्हणून तो रोपापेक्षा झपाट्याने पाण्यावर डोकं काढतो.

कुठे काय लावायचं, हे डंपी लेव्हल लावून ठरवा. तळं पूर्ण भरल्यावरची पातळी शून्य धरली तर:

१. शून्य ते अर्धा मीटर खोल: वाळा, लव्हाळा, नीरब्राह्मी. वाळा थोडे दिवस पाणी आणि पुष्कळ दिवस कोरड, दोन्ही सोसतो.
२. अर्धा ते एक मीटर: पाणकणीस. पण हा फार पसरतो, सांडव्याच्या तोंडाशी लावू नये.
३. त्याहून खोल: कुमुद आणि हायड्रिला. यांची ओळ सगळ्यात शेवटी, पाणी गुडघाभर राहिलं की.

पथ्यं

पहिली दोन वर्षं तळ्यात गवत्या मासा सोडू नका, तो सगळं फस्त करतो. जनावरांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, पण पाणी प्यायला एक वाट मोकळी ठेवा. जलपर्णी चुकूनही आणू नका. बांधावर मोठी झाडं नकोत, मुळांच्या वाटेने पाणी झिरपून बांध कमकुवत होतो. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पाणकणीस लावू नका, त्याच्या कंदांची टोकं अस्तर फोडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली आणि तलावातला गाळ शेतात जाऊ लागला. शेतीला तो हवाच. पण पोकलेन मुरूम लागेपर्यंत सगळा तळ खरवडतं, तेव्हा बियाण्यांची बँकही ट्रॉलीत भरून जाते. मग पुढची कितीतरी वर्षं काठ उघडा राहतो, लाटांनी बांधाची माती सुटते, तीच माती तळ्यात उतरते, आणि पुन्हा गाळ काढायची वेळ येते. म्हणून मधला खोल भाग जरूर खोदा, पण काठाचा पाच-सहा मीटरचा पट्टा सोडा. यासाठी एक रुपयाही लागत नाही. मशीन उतरण्याआधी चुन्याची एक रेघ मारायची, बस!

एनएसएसच्या कॅम्पमध्ये आपण दरवर्षी खड्डे खणून रोपं लावतो. यंदा दिवाळीनंतर एखाद्या पाझर तलावाच्या कडेने रविवारच्या दहा-बारा ओळी लावायला काय हरकत आहे? लेव्हल घेणं आपल्याला येतं. गाळपेर कशी करायची, ते गावातले काका-मावशी सांगतील.