चाकांवरचा संसार

दिवाळी झाली की राहुरी तालुक्यात ऊसतोड सुरू होते. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी तालुक्यातून तोडणीवाले येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळा संसार भरलेला असतो. भांडी, अंथरुणं, ज्वारीची पोती, कोयते, वर लेकरं. मग चार-पाच महिने त्याच ट्रॉलीतून ऊस कारखान्याला जातो.

परदेशात काही हौशी लोक मोटारीतच घर करून हिंडतात. ते आपली गाडी धुऊन-पुसून आरशासारखी ठेवतात. आपली ट्रॉली आरशासारखी नको. पण ती गंजून जाता कामा नये. बहुतेक ट्रॉल्या कर्जावर घेतलेल्या असतात. हप्ते फिटायच्या आधी तळाचा पत्रा गेला, तर पैसा दोनदा जातो.

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाची झालेली माती. आपण भिंतीला गेरू लावतो ना, तोही लोखंडाचाच भाऊबंद! उसाचा रस सांडतो. तो चिकट असतो. त्यावर माती बसते, माती ओल धरून ठेवते. पुढे रस आंबतो आणि पत्र्याला खातो. खताचं तर विचारूच नका. युरिया, पोटॅश वाहून आणलं आणि ट्रॉली तशीच ठेवली, की सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून खत उतरवलं की त्याच दिवशी ट्रॉली धुवावी.

कोणी म्हणेल, "धुऊन काय उपेग? उद्या परत चिखलच हाय." खरं आहे. रोज धुवायला नकोच. आठवड्यातून एकदा पुरे. आधी कोरडी माती झाडून काढा. मग वरून खाली पाणी मारा. तेलकट डागाला धुण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, लगेच खळखळून धुवा. खालची बाजू विसरू नका, गंज तिथंच लपून बसतो. तळाला पाणी जायची भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. चाकाच्या बेरिंगवर जोराचा फवारा मारू नये, पाणी आत शिरून ग्रीस खराब होतं. टायरला डिझेल चोळू नये, रबर फुगतं. आणि गाडी मुळा नदीत किंवा कालव्यात घालून धुऊ नका. ते तेल खालच्या गावाच्या पाण्यात जातं.

रंगाचं काम हंगाम संपल्यावर, पावसाच्या आधी करावं. कडक ऊन असतं, पत्रा कोरडा असतो. तारेच्या ब्रशनं गंज घासा. गंजावरच रंग दिला तर आतून पोखरणं चालूच राहतं, वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. घासलं की त्याच दिवशी तांबडा प्रायमर लावा. तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्या. जुन्या गाड्यांना पूर्वी शेंदराचा रंग देत. त्यात शिसं असतं, ते विषारी आहे. असा जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. तोंडाला फडकं बांधा, लेकरांना लांब ठेवा.

फळ्या लाकडाच्या असतील तर त्यांना जवसाचं तेल द्या. ते लाकडात मुरून वाळतं, मग पाणी आत जात नाही. मात्र तेलाची फडकी बोळा करून फेकू नका. ती आपोआप तापून पेटतात. उन्हात पसरून वाळवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ट्रॉलीच्या मागं चमकणारी तांबडी पट्टी असते. रात्री नगर-मनमाड रस्त्यावर मागून येणाऱ्या गाडीला आपली ट्रॉली त्या पट्टीमुळेच दिसते. पट्टीवर चिखल बसला, कोणी रंग मारला, की बाहेर लोंबणाऱ्या उसानं ती झाकली, तर मागच्याला काहीच दिसत नाही. तांबडं फडकं बांधून भागत नाही. फडकं अंधारात चमकत नाही.

पट्टी ओल्या फडक्यानं रोज पुसा. ऊस भरल्यावर एकानं मागं पन्नास पावलं जावं. बॅटरी डोळ्याजवळ धरून ट्रॉलीवर मारावी. पट्टी जिथं चमकणार नाही, तिथं निघायच्या आधी नवी चिकटवावी.