कोनसेट नुसता कसू नका

पुरातून काढलेल्या मोटरसायकलचं इंजिन सुरू झालं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात गल्लोगल्ली हेच चाललं होतं. वाशिष्ठीचं पाणी ओसरलं, बाजारपेठेत गाळाचे ढीग उरले आणि गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. माझी दीडशे सीसीची गाडीही त्यात होती, हँडलपर्यंत बुडालेली. इंजिन ऑइल बदललं, प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकले, कार्बोरेटर धुतला, ब्रेक साफ केले. कारागीर रात्रंदिवस राबत होते, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण हँडलच्या मुळाशी, चासीच्या नळीत, वर आणि खाली छर्‍यांचे जे दोन थर असतात, म्हणजे कोनसेट, तिथेही गाळ गेला असणार, हे कोणाच्याच यादीत नव्हतं. इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर उभी राहते. कोनसेट बिघडला तर ती चालत राहते आणि दिवसेंदिवस हाताबाहेर जाते. त्यातला धोका हाच आहे.

पाऊस संपून रस्ते कोरडे झाले तसं हे बिघडणं जाणवू लागलं. बाजारातून हळू जाताना गाडी सरळ जाईना. थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे, सारखी सावरावी लागे. टायर जुना झालाय, असं एका गॅरेजमध्ये सांगितलं, म्हणून टायर बदलला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली ‘कट्’ असा आवाज यायला लागला, तेव्हा दुसर्‍या गॅरेजात ‘हँडल लूज आहे’ म्हणून वरचा नट कसून दिला. आवाज गेला. चार दिवसांनी कुंभार्ली घाट चढताना एका वळणावर गाडी वळेचना. हँडल मधोमध अडकल्यासारखं झालं, जोर लावला तेव्हा एकदम सुटलं आणि गाडी गरजेपेक्षा जास्त आत वळली. समोरून ट्रक उतरत होता. त्याच्या चालकाने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं.

दुचाकीचं हँडल घट्ट धरलेलं असतं म्हणून ती सरळ जाते, असं वाटतं. पण तसं नसतं. पुढचं चाक सतत केसभर इकडे, केसभर तिकडे वळून तोल सावरत असतं. ही बारीक हालचाल मोकळी हवी. छर्रे ज्या वाट्यांमध्ये फिरतात त्यांना मध्यावर खाच पडली की ती हालचालच अडते. त्यावर नट कसला की आवाज बंद होतो, पण छर्रे खाचेत आणखी रुतून बसतात. म्हणजे दुखणं लपतं आणि वाढतं.

खाच बरोबर मध्यावरच का पडते? चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. हँडल तसं फिरत नाही. हायवेला तासन्‌तास ते जवळजवळ सरळच असतं, छर्रे त्याच जागी बसून थरथरतात, त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि पोलादावर पोलाद घासलं जातं. त्यातून तांबूस भुकटी निघते, ती पुन्हा कानसेसारखं काम करते. खालच्या वाटीची अवस्था नेहमी जास्त वाईट, कारण पुढचा भार तिच्यावर येतो आणि चाकाने उडवलेलं पाणीही आधी तिथेच पोचतं. खड्ड्यात जोरात आदळल्यानेही वाटीत खळगे पडतात, पण ते बहुधा चकचकीत असतात. तांबूस भुकटी दिसली तर समजावं की ग्रीस संपून बराच काळ लोटलाय.

माझी गाडी शेवटी एका जुन्या कारागिराने उघडली, मी शेजारी बसून होतो. खालच्या वाटीत ग्रीस नव्हतंच. वाळलेला गाळ होता, करड्या रंगाचा, नखाने खरवडावा लागेल असा. छर्रे काळपट झाले होते. वाटी पुसून त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. डोळ्यांना जेमतेम दिसणार्‍या खाचा नखाला ठकठक लागत होत्या, सारख्या अंतरावर, ओळीने.

तुमच्या गाडीची परीक्षा घरीच करता येते. मेन स्टँडवर लावून मागे कोणाला तरी बसवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मेन स्टँड नसेल तर इंजिनखाली भक्कम टेकू द्या आणि गाडी धरायला माणूस ठेवा. मग एका बोटाने हँडल अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्यावर ते ‘बसतंय’ असं वाटलं तर वाट्या गेल्या. सगळीकडेच खरखर लागली तर ग्रीस वाळलंय किंवा आत घाण आहे. नंतर समोर बसून शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दोन्ही पाय खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी हालचाल जाणवली तर कोनसेट ढिला आहे. एक बोट चासी आणि टी (चासीच्या नळीतून जाणारा दांडा आणि त्याच्या खालचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर धरणारा भाग) यांच्या सांध्यावर ठेवलं तर ही हालचाल नक्की तिथलीच, की शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या बुशची, हे कळतं. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर असो की महाड-चिपळूणचा २०२१ चा, बुडालेल्या गाड्या पुढे विकल्याही जातात. जुनी गाडी घेताना ही परीक्षा केल्याशिवाय पैसे मोजू नका.

कारागिराकडे गेल्यावर ‘हँडल बघा’ असं मोघम सांगू नका. ‘टी खाली काढून कोनसेट धुऊन ग्रीस भरा’ असं सांगा आणि शक्य असेल तर तिथे थांबा. पुढचं चाक, हँडल, वरची प्लेट निघते, मग टी खाली उतरते. त्या क्षणी सुटे छर्रे घरंगळतात, म्हणून खाली फडकं किंवा परात हवीच. वरचे आणि खालचे छर्रे वेगळे ठेवायचे आणि मोजायचे. काही गाड्यांत दोन्हीकडचा आकार वेगळा असतो, संख्याही वेगळी असू शकते. रॉकेलने किंवा डिझेलने सगळं धुऊन कोरडं पुसलं की निर्णय होतो. खाच नसेल तर नुसतं ग्रीस पुरे. खाच असेल तर नवे छर्रे जुन्या वाटीत टाकून काही साधत नाही. वाट्या, कोन आणि छर्रे असा पूर्ण संच बदलावा. साध्या गाड्यांचा संच काही शे रुपयांत येतो.

नवी वाटी थेट हातोडीने ठोकू देऊ नका. जुनी वाटी तिच्यावर ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोकलं तर ती तिरकी बसत नाही.

ग्रीसच्या बाबतीत कंजुषी नको. गॅरेजात सर्रास मिळणारं एपी-३ चालतं, पण आमच्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पाण्याला टिकणारं चांगल्या प्रतीचं ग्रीस घेतलेलं बरं. वाटी ग्रीसने भरावी, छर्रे त्यात एकेक दाबून बसवावेत, म्हणजे ते तिथेच चिकटून राहतात. टीच्या दांड्यालाही हात फिरवावा, गंज चढत नाही.

नट बसवण्यात खरं कौशल्य आहे. आधी थोडा जास्त कसून हँडल दोन्हीकडे फिरवायचं, म्हणजे छर्रे जागेवर बसतात. मग तो जरा मागे घ्यायचा. चाक उचललेलं असताना हँडलला मध्यावरून हलकासा धक्का दिला की ते आपल्याच वजनाने टोकापर्यंत गेलं पाहिजे, आणि तरीही पुढे-मागे जराही हालचाल नको. वरच्या प्लेटचा मोठा नट कसल्यावर खालची बसवणूक थोडी बदलते, म्हणून हीच परीक्षा शेवटी पुन्हा करायची. काही कारागीर हे टाळतात, त्यांना आग्रहाने करायला लावा.

सर्व्हिसिंग सेंटरला गाडी धुवायला दिली तर प्रेशरच्या पाण्याचा फवारा हँडलच्या मुळाशी थेट मारू नका म्हणून सांगा. त्याने ग्रीस धुऊन निघतं. पाऊस जास्त असलेल्या भागात दर दोन वर्षांनी, मृगाच्या आधी, कोनसेट उघडावा असं माझं मत आहे. पाण्यात बुडालेली गाडी मात्र लगेच उघडावी, इंजिन सुरू झालं तरी. संच नवा टाकला असेल तर साधारण पाचशे किलोमीटरनंतर वाट्या बसतात आणि थोडी ढिलाई येते. तेव्हा पुन्हा जाऊन नट तपासून घ्या. ते काम थोड्या वेळाचं असतं आणि त्यासाठी टी काढावी लागत नाही.