चिमूटभर कडधान्य

चिखली


नोहाच्या काळचा जलप्रलय कशामुळे आला, या प्रश्नाला तालमूद या ज्यू ग्रंथातील रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, उत्तर 'चोरी' असे आहे. पापे पुष्कळ होती, पण त्या पिढीची शिक्षा पक्की झाली ती लुबाडणुकीला हात घातल्यावर. 'बरेशीत रब्बा' या जुन्या भाष्यात त्याचे चित्रच आहे. एक जण तुर्मूस नावाच्या कडधान्याची टोपली बाजारात आणतो. येणारा-जाणारा चिमूटभर उचलतो. किंमत सगळ्यात लहान नाण्याहूनही कमी, म्हणजे दावाही लावता येत नाही. संध्याकाळी टोपली रिकामी.

नोहा 'आपल्या पिढीत' नीतिमान होता, या शब्दांवर रब्बींचा जुना वाद आहे. रब्बी योहानान म्हणतात, त्या पिढीपुरताच. रेश लाकिश म्हणतात, अशा पिढीतही तो टिकला, मग चांगल्या पिढीत किती मोठा झाला असता! 'झोहर' हा ज्यू गूढवादी ग्रंथ आणखी कडक आहे: अब्राहाम सदोमसाठी देवाशी भांडला, नोहा गप्प राहिला. हा ठपका पुरता न्याय्य वाटत नाही. तारवात वर्षभर प्राण्यांना चारताना त्याला झोप नव्हती आणि चारा द्यायला उशीर झाला म्हणून सिंहाने त्याला जखमी केले, असेही रब्बीच सांगतात.

पाणी ओसरल्यावरचा इंद्रधनुष्याचा करार ज्यूंपुरता नाही, सर्व सजीवांशी आहे. सगळ्या मानवजातीसाठी रब्बींनी मानलेल्या सात आज्ञांत चोरीची बंदी आहे आणि न्यायालये स्थापण्याची आज्ञाही.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल ज्यूंची, म्हणजे कोकणच्या शनिवार तेल्यांची, कथाही पाण्यातूनच सुरू होते. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. नोहाचा भाग सभास्थानात दरवर्षी साधारण दिवाळीच्या आगेमागे वाचला जातो.

नदीची जागाही तुर्मुसाच्या त्या टोपलीसारखीच, गुंठ्यागुंठ्याने संपते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. इकडे गुंठा-दीड गुंठा घेणाऱ्याने सातबाऱ्यासोबत पूररेषेचा नकाशाही पाहावा, आणि तो पाहण्याआधी विसार देऊ नये.