उंबरठा सोडण्यापूर्वी

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्यात आमच्या नात्यातल्या विधवा काकू दोन खोल्यांत राहात असत. दिराच्या मुलाशी वाद विकोपाला जाऊन, पाऊस लांबलेल्या जूनमधल्या एका रात्री त्याने त्यांची वळकटी ओसरीवर आणून टाकली, तेव्हा त्यांना सुखरूप जागी पोचविणे एवढेच आपले कर्तव्य अशा समजुतीने मी ऑटो बोलावला आणि त्यांना बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात सोडले. माझ्या घरी लग्नाचे पाहुणे होते. ते कारण मला त्या वेळी पुरेसे वाटले. सकाळी गेलो तो काकू चपला मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेल्या, रात्रभर जाग्या. आणि वाड्याच्या दाराला नवे कुलूप. ‘काकू स्वखुशीने गेल्या,’ असे पुतण्याने सांगितले. ट्रंक, शिधापत्रिका, आखीव पत्रिका, सारे कुलपाआड राहिले.

ज्याला मागे घरच उरलेले नाही त्याला निवारा हवाच. परंतु ज्याचा हक्क अद्याप शाबूत आहे त्याला तेथे नेण्याची घाई करू नये, कारण उंबरठा सुटला की कब्जा सुटतो. जिवाला धोका असल्यास अर्थातच आधी बाहेर पडून ११२ वर कळवावे. मात्र शक्य तर कागदपत्रे सोबत घ्यावीत आणि ‘मला घालवून दिले’ असा अर्ज त्याच दिवशी ठाण्यात देऊन त्याची पोच घ्यावी. एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा हक्क, मालकी स्वतःच्या नावे नसली तरीही, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला दिला आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्यामार्फत त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलांना घर लिहून देणाऱ्या वृद्धांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. पण ती अट बक्षीसपत्रातच नमूद करून घ्यावी. बेकायदा बाहेर काढलेल्याने कब्जासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालकीच्या वादात न शिरता निकाल मागता येतो. ती मुदत आम्ही पुतण्याच्या विनवण्या करण्यात घालविली; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो हेही मला फार उशिरा कळले.

निकाल लागेपर्यंतच्या मधल्या रात्रींसाठी आधी आप्त, शेजारी, मग स्त्रियांकरिता सरकारचे सखी केंद्र. आणि कायमचाच आसरा हवा असेल तर कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या मातृसेवा संघाच्या पंचवटी वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी समक्ष जाऊन चौकशी करावी.

काकूंना मी पुढे घरी आणले. परवा तुळशीपाशी दिवा ठेवताना त्यांनी विचारले, “ट्रंकेत ह्यांचा चष्मा आहे रे. तेवढा तरी देईल का तो?”