गैरहजर माणसाची विचारपूस



अमेरिकेतील कुटुंबजीवनाचा विषय निघाला, की आपल्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तिथे कोणी कोणाचे नसते." हे बोलताना मनाला जे समाधान वाटते, ते रास्त आहे काय? आधी वस्तुस्थिती पाहू.

अमेरिकेच्या जनगणनेनुसार १९४० साली तेथील सुमारे ८ टक्के घरांत एकच माणूस राहत असे. २०२० साली हे प्रमाण सुमारे २८ टक्के झाले. याची कारणे अनेक आहेत. १९६० साली पुरुषांचे पहिल्या विवाहाचे सर्वसाधारण वय तेविशीच्या आत होते, ते आता तिशीला पोहोचले आहे. आयुर्मान वाढले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतनाचा आधार दिला व अनेकांना स्वतःच्या घरात स्वाभिमानाने राहणे शक्य झाले. म्हणजे एकटा राहणारा प्रत्येक जण आप्तांनी टाकलेला नसतो. उलट प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासानुसार, अनेक पिढ्या एकत्र नांदणाऱ्या घरांत १९७१ साली ७ टक्के अमेरिकन राहत होते, तर २०२१ साली १८ टक्के.

मात्र एकटे राहणे वेगळे आणि एकाकी असणे वेगळे. २०२३ साली त्या देशाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकाकीपणाविषयी जाहीर इशारा दिला. सुमारे निम्म्या प्रौढांनी एकाकीपणा अनुभवल्याचे त्यात नमूद आहे. एकटे राहणाऱ्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. याचा अर्थ उघड आहे : माणूस भरल्या घरातही एकाकी असू शकतो.

वाचकहो, येथे आपले समाधान डळमळते. आपली घरे भरलेली आहेत, हे खरे. पण एकाच छताखाली राहणाऱ्या वृद्ध आईशी आज आपण किती वेळ बोललो? पवित्र कुरआनने वृद्ध माता-पित्यांना केवळ आसरा देण्यास सांगितलेले नाही. त्यांच्यापुढे त्रासिक उद्गारही काढू नये व त्यांच्याशी आदराने बोलावे, अशी आज्ञा केली आहे. निवारा दिला म्हणजे हक्क फिटला, असे नव्हे.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत एक प्रसंग आहे. मस्जिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती दिसेनाशी झाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिची चौकशी केली. ती मरण पावल्याचे कळताच, आपल्याला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले; आणि तिच्या कबरीपाशी जाऊन नमाज अदा केली. लोकांना जी व्यक्ती नगण्य वाटली, तिची उणीव प्रेषितांना (स.) जाणवली.

समाजाची कसोटी हीच आहे. घरात किती माणसे आहेत, हे जनगणना सांगेल; कोण दिसेनासा झाला, हे मात्र शेजाऱ्यालाच कळते. येत्या जुम्याला सलाम फेरल्यावर सफेकडे एकवार पाहा. नेहमीचा कोण आला नाही? त्याच्या दारी जा. शेजारी मुस्लिम नसला, तरी शेजाऱ्याचा हक्क कायमच आहे. आणि घरी परतल्यावर आईजवळ घटकाभर बसा.

अल्लाह आपल्याला परस्परांची खबर घेणारी माणसे बनवो. आमीन.