चेंबरचा बोल्ट नुसताच फिरतोय? जोर लावू नका, आधी हे वाचा



आज सल्ला पिकाचा नाही, गाडीचा. मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की औषध, पाइप, पेट्रोल सगळं बाइकवरूनच बागेत जातं. म्हणून त्याआधी बरेचजण घरीच ऑइल बदलतात. चांगलंच आहे. पण चेंबरच्या बोल्टचे आटे जातात ते नेमके तेव्हाच.

*आटे का जातात?*
बोल्ट लोखंडी, चेंबर ॲल्युमिनियमचं. जास्त जोर लावला की मऊ धातू हार मानतो, म्हणजे नुकसान चेंबरचं होतं. नेहमीच्या चुका या:
▪️ बोल्ट खाली तोंड करून असतो. वरून वाकून पाना फिरवताना दिशा उलटी वाटते आणि सोडायच्या ऐवजी आवळला जातो. दिशा नेहमी बोल्टच्या डोक्याकडे बघून ठरवा. घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो.
▪️ जुना वॉशर तसाच ठेवतात. थेंब गळतो, म्हणून आणखी आवळतात.
▪️ पान्याला पाइप लावून जोर करतात.
▪️ बोल्ट तिरका बसलेला असतानाच पाना लावतात.

*कसं ओळखायचं?*
आवळताना बोल्ट घट्ट न होता नुसता फिरत राहिला, किंवा काढल्यावर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेसारखा कीस अडकलेला दिसला, तर चेंबरचे आटे गेले. फक्त डोक्याचे कोपरे झिजून पाना घसरत असेल तर आटे ठीक असू शकतात. मेस्त्रीकडून बोल्ट काढून घ्या आणि नवा लावा.

*अशी गाडी चालवू नका*
१०० ते १२५ सीसीच्या बाइकमध्ये ऑइल जेमतेम लिटरभर असतं आणि तेच इंजिन, क्लच, गिअर तिन्हींना पुरवावं लागतं. बोल्ट वाटेत पडला तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं. त्याहून मोठा धोका म्हणजे गळणारं ऑइल मागच्या टायरवर उडतं. आंबा घाटाच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर तो टायर घसरला तर प्रश्न गाडीचा राहत नाही. गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्या.

*उपाय*
१) *नवा बोल्ट, नवा वॉशर:* फक्त बोल्टचेच आटे गेले असतील तर एवढं पुरतं. जुना बोल्ट दुकानात दाखवून त्याच मापाचा घ्या.
२) *जाड बोल्ट:* हा स्वतःच नवे आटे पाडत आत जातो. अडचणीला चालतो, पण तिरका गेला तर भोक आणखी बिघडतं. तात्पुरताच समजा.
३) *बुश किंवा हेलिकॉइल:* भोक मोठं करून, टॅप मारून आत लोखंडी आटे बसवतात आणि जुन्याच मापाचा बोल्ट पुन्हा लागतो. हाच टिकाऊ उपाय. जाणत्या मेस्त्रीकडून किंवा लेथवाल्याकडूनच करा. टॅपला ग्रीस लावायला सांगा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. शेवटी थोडं ऑइल ओतून आतला उरलेला कीस धुऊन काढायला लावा. तो आत राहिला तर इंजिन खातो.

टेफ्लॉन टेपने आट्यांना ताकद येत नाही. तेलकट जागेवर एम-सीलही धरत नाही. त्यावर विसंबू नका.

*पुन्हा होऊ नये म्हणून*
✅ इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, कढत नको.
✅ दर वेळी नवा वॉशर.
✅ बोल्ट पहिले तीन-चार वेढे बोटांनीच जायला हवा. अडला तर काढून पुन्हा लावा.
✅ अशा बाइकला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच आवळ लागतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला १२ ते १५ किलोचा जोर. मनगटाचा जोर पुरे, अंगाचा भार नको. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.
✅ ऑइल भरून पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग नसेल तरच गाडी बाहेर काढा.

फवारणी पंपाच्या चार-स्ट्रोक इंजिनालाही हेच लागू. त्याचंही चेंबर ॲल्युमिनियमचंच असतं, आणि बोल्ट लहान असेल तर जोर आणखी कमी लागतो.

*जळकं ऑइल बागेत ओतू नका.* आपल्या जांभ्या दगडाला भेगा आणि छिद्रं भरपूर. वर ओतलेलं पावसाबरोबर खाली विहिरीत उतरतं. कलमाच्या खोडालाही फासू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

बोल्ट नुसता फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. थांबलात तर काम बुशवर भागतं. जोर करत राहिलात तर चेंबरच बदलायची वेळ येते, तीही ऐन फवारणीत.

शंका असेल तर बोल्टचा आणि भोकाचा स्पष्ट फोटो ग्रुपवर टाका.

– आपला कृषी सल्लागार, रत्नागिरी